परिविक्षा अधिकाऱ्याला काम किती असतं? पुतणीसाठी विचारतोय

टीपकागद
नमस्कार मंडळी. पुतणी एलएलबी झाली, मग एका वकिलांकडे ज्युनिअर म्हणून तारखा घेत फिरली. आता जिल्हा बाल संरक्षण कक्षात 'विधी तथा परिविक्षा अधिकारी' या कंत्राटी पदावर तिची निवड होईल अशी चिन्हं आहेत. जिल्हा मराठवाड्यातला, घरापासून लांब.

घरात दोन तट पडलेत. दादाचं म्हणणं, सरकारी कचेरी आहे, शनिवार-रविवार सुट्टी, सहाला दप्तर बंद. वहिनीच्या ओळखीतली एक मुलगी हेच काम सोडून शाळेत लागली, ती म्हणते, चुकूनही जाऊ नकोस. मला या खात्यातलं काही कळत नाही. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांवर देखरेख ठेवायची, एवढंच ऐकून आहे. एका माणसाकडे केसेस किती असतात? झेपण्यासारखं असतं का? कुणी या कामातलं असेल तर सांगा.

शेवटचा_बाक
बँकेतल्या पीओंचा, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरांचा, धागा समजून आलो होतो, भाचा परीक्षेला बसलाय. आलोच आहे तर वाचतो.

सोनचाफा
वाचतेय. निरंजनीताई कुठे आहेत? त्यांना हाक मारा.

निरंजनी
आले. याच कामात आहे. जिल्हा सांगत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

टीपकागद, आधी थोडी फोड करते. आमच्यात दोन तऱ्हा. एक खात्यातले कायम परिविक्षा अधिकारी, गट-क, १९५८ च्या अपराधी परिविक्षा कायद्याखाली काम करणारे. परिविक्षा म्हणजे प्रोबेशन, तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडणं. दुसरे मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतले कंत्राटी. तुमची पुतणी दुसऱ्यात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मानधन महिना २७,८०४ रुपये, आणि हे पद जिल्ह्याला एकच. जिल्हा केवढा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

कागदावर काम सरळ आहे. १८ च्या आतल्या मुलाला पोलिसांनी पकडलं की २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं आणि आम्हाला कळवायचं. आम्ही दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. घर, आईबाप, शाळा, मित्र, व्यसनं, आधी काही घडलंय का, आणि आमची शिफारस. मंडळाने चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने. पुढे मुलाला देखरेखीवर सोडलं तर ती तीन वर्षांपर्यंत चालू शकते, तीही आमच्याकडे.

आता याच माणसाकडे आणखी काय येतं ते ऐका. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावरून रात्री निरोप येतो, अमुक वस्तीवर सकाळी लग्न आहे, मुलगी नववीतली. ग्रामसेवकाला उठवा, पोलिस घ्या, निघा. बाल कल्याण समितीची पत्रं येतात. बालसंगोपन योजनेच्या, म्हणजे निराधार मुलांना घरीच सांभाळण्यासाठी मिळणाऱ्या मदतीच्या, गृहचौकशा तर कोविडनंतर इतक्या वाढल्या की विचारू नका. रक्कम महिना २,२५० झाली हे फार चांगलं झालं, अर्जही त्या मानाने आले, माणसं तेवढीच राहिली. वर मासिक अहवाल, तिमाही अहवाल, व्हिडिओवरच्या बैठका, आणि एकच आकडा तीन वेगवेगळ्या नमुन्यांत भरून पाठवणं. 'आज सायंकाळी पाचपर्यंत' असं लिहिलेलं पत्र साडेचारला येतं.

म्हणून केसेस किती हे विचारू नका, किलोमीटर किती ते विचारा. सिरोंच्याचा मुलगा असेल तर गडचिरोलीपासून जायलाच २०० किलोमीटरच्या आसपास. तो अहवाल आणि शेजारच्या गल्लीतल्या मुलाचा अहवाल, तक्त्यात दोन्हींची नोंद 'एक'.

सडेतोड
सरकारी माणसं आणि कामाचा बोजा, ऐकून बरं वाटलं. आमच्या आयटीवाल्यांना कुणी विचारत नाही.

सोनचाफा
@सडेतोड, मानधनाचा आकडा वाचलात ना? आणि कंत्राटी. दर वेळी मुदतवाढीची वाट बघायची.

काळा_कोट
निरंजनीताईंबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. मी बाल न्याय मंडळात वकीलपत्र घेतो, हे अहवाल वाचणं माझं कामच. निम्म्या अहवालांत तेच वाक्य: 'सदर विधिसंघर्षग्रस्त बालकाकडून वाईट संगतीमुळे कृत्य घडल्याचे दिसून येते.' (विधिसंघर्षग्रस्त म्हणजे गुन्ह्यात सापडलेला.) एका मुलाच्या अहवालात मधेच 'तिच्या वडिलांनी' आलं. आधीच्या मुलीच्या अहवालातलं पुसायचं राहिलेलं.

कामाचा बोजा मान्य. पण त्याच कागदावर मुलगा घरी जाणार की विशेषगृहात, हे बऱ्याच अंशी ठरतं. मुलगा १६ च्या वरचा आणि गुन्हा किमान सात वर्षांच्या शिक्षेचा असेल, तर त्याला मोठ्यांसारखा चालवायचा का या टप्प्यावरही तो कागद उघडला जातो. अधिकाऱ्याला वेळ नव्हता, हे त्या मुलाने का भोगायचं?

निरंजनी
काळा_कोट, 'तिच्या वडिलांनी' हा प्रकार मीही पाहिलाय, त्याचं समर्थन नाही. पण तो कागद कसा तयार होतो ते सांगते.

मागे डिसेंबरात पोलिसांचं पत्र आलं. मुलगा पंधराचा, मोटरसायकल चोरीत. गावी गेले तर घराला कुलूप. आईबाप ऊसतोडीला, दिवाळीनंतरच टोळी गेलेली. मुलगा आजीजवळ. आजीला कमी ऐकू येतं, कारखाना कुठला ते सांगता येईना, 'तिकडं कर्नाटकात' एवढंच. शेजारच्या दुकानदाराकडून मुकादमाचा नंबर मिळाला. मुकादम म्हणाला, मॅडम, कोयता फडातून उठला तर खाडा पडतो, उचल कोण फेडणार? कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी हो, आणि उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, शहरातल्या मंडळींसाठी सांगते. शेवटी आईशी बोलणं झालं ते रात्री नऊला, ट्रॅक्टर भरत असताना. मागे इतका आवाज की निम्मं कळलं नाही. ती एकच विचारत होती, त्याला मारलं का? त्याने जेवण केलं का?

आता नमुना ६, म्हणजे या अहवालाचा छापील नमुना, समोर घ्या. सवयींचा रकाना आहे. एका बाजूला धूम्रपान, मद्य, नशा, जुगार, भीक मागणे. दुसऱ्या बाजूला टीव्ही बघणे, खेळ, वाचन, चित्र काढणे, गाणे. खुणा करायच्या. आजीला विचारलं, नातू वाचन करतो का? ती म्हणाली, वाचतो की, बाटलीवरचं औषधाचं नाव तोच वाचून देतो मला.

वस्तीत जाताना मी कोण, कशासाठी आले, हे शेजाऱ्यांना सांगता येत नाही. शाळेच्या कामासाठी आलेय म्हणायचं. तरी चार बाया जमतातच, आणि एखादी सांगतेच, 'पोराने गाडी चोरली म्हणून आल्यात.' शहरात आणखी वेगळी गत. आई धुण्याभांड्याला जाते, सातच्या आत घरी नसते. म्हणजे माझी खरी कचेरी सातनंतर. सहाला दप्तर बंद होतं म्हणणाऱ्या दादांना हे सांगा.

असा एक अहवाल नीट करायचा तर दोन-तीन दिवस जातात. तेवढ्यात आणखी पत्रं येऊन पडलेली असतात. मग 'वाईट संगतीमुळे' येतं. येऊ नये, पण येतं.

शेवटचा_बाक
बाटलीवरचं औषधाचं नाव... हे कुठल्या रकान्यात लिहिलंत?

निरंजनी
'वाचन'वर खूण केली.

मिरची_ठेचा
सगळं खरं असेल. पण आमच्या दुकानात चोरी झाली, त्यात दोन मुलं १७-१७ वर्षांची होती. त्यांच्या घरी अधिकारी जाऊन विचारपूस करून आले, ती काय जेवतात, काय वाचतात. आमच्याकडे कोण आलं? गल्ला फोडला, माल नेला, सासरे त्या धक्क्याने कितीतरी दिवस दुकानात बसले नाहीत. कुणी विचारलं नाही. गुन्हा करणाऱ्याची एवढी काळजी आणि ज्याचं गेलं त्याला फक्त पंचनाम्याची नक्कल. अधिकाऱ्यांना काम जास्त असेल तर आधी हे लाड कमी करा.

काळा_कोट
@मिरची_ठेचा, राग रास्त आहे. पण अहवाल म्हणजे लाड नव्हे, त्यात मुलाच्या विरोधात जाणारंही लिहिलेलं असतं. मोठ्या आरोपींबाबत १९५८ च्या कायद्यातच सोय आहे, कलम ५. न्यायालय आरोपीला परिविक्षेवर सोडताना फिर्यादीला नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतं, आणि ती भरायला आरोपीला मदत करणं हेही परिविक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत येतं. कलम १४ वाचा. तिथे तर असंही आहे की गरज असेल तिथे सोडलेल्या माणसाला योग्य काम शोधून द्यायचा प्रयत्न अधिकाऱ्याने करायचा.

सडेतोड
म्हणजे नोकरीही लावून द्यायची? मग माझंही नाव घ्या, आमच्याकडे कपात चालू आहे.

बाभळी
पुण्याच्या पोर्शे प्रकरणात काय झालं? १९ मे २०२४, गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात, दोन जीव गेले, आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध. तिथे अहवाल, देखरेख सगळं कुठे गेलं? आमच्या ओळखीतही एक प्रकरण आहे, मुलगा [संपादित] गावचा, [संपादित] शाळेत...

व्यवस्थापक
बाभळी यांच्या प्रतिसादातला गावाचा व शाळेचा उल्लेख काढला आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कृपया सगळ्यांनीच भान ठेवा.

काळा_कोट
आणि पोर्शेसाठी वेगळा धागा काढा. नाहीतर हा तिकडेच वाहून जाईल आणि टीपकागद यांची पुतणी राहील बाजूला.

ग्रंथकीटक
थोडं अवांतर. हे काम सुरू कसं झालं ते गमतीचं आहे. १८४१ साली बॉस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा एक बूट बनवणारा कोर्टात बसला होता. दारू पिऊन पकडलेल्या एका माणसाला तो स्वतः जामीन राहिला, घेऊन गेला, तीन आठवड्यांनी परत कोर्टापुढे आणला तेव्हा माणूस ओळखू येईना इतका सुधारलेला. मग हा पुढे आयुष्यभर तेच करत राहिला. पगार नाही, वेळ आणि पैसा, दोन्हींचा बराचसा भाग धंद्यातून काढलेला.

आपल्याकडेही हे जुनंच आहे. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा, परिविक्षेचा १९३८ चा. म्हणजे १९५८ चा केंद्राचा कायदा यायच्या वीस वर्षं आधी.

निरंजनी
प्रवासभत्ता स्वतःच्या खिशातून ही परंपरा १८४१ पासूनची आहे तर.

मिडलँडकर
इंग्लंडमधून लिहितोय. शेजारी एक प्रोबेशन ऑफिसर राहते, तिच्याकडून ऐकलेलं आणि इथे पेपरांत आलेलं. २०१४ मध्ये सरकारने ही सेवा दोन तुकड्यांत तोडली. जास्त धोक्याचे गुन्हेगार सरकारी सेवेकडे, बाकीचे २१ खाजगी कंपन्यांकडे. फसलं. जून २०२१ मध्ये सगळं पुन्हा सरकारने आपल्याकडे घेतलं. त्या सात वर्षांत अनुभवी माणसं निघून गेली, आता नवी भरती शिकतेय. त्यात सप्टेंबर २०२४ पासून तुरुंग भरले म्हणून बऱ्याच कैद्यांना ४० टक्के शिक्षा भोगल्यावर सोडायला लागले. तुरुंग मोकळे झाले, ती माणसं आली हिच्या यादीत.

पण निरंजनीताई म्हणाल्या ना, जवळचा आणि लांबचा दोन्ही 'एक'च. इथे तसं नाही. प्रत्येक केसला ती किती धोक्याची, किती वेळखाऊ, यावर वजन देतात आणि अधिकारी किती टक्के भरलाय ते काढतात. शंभराच्या वर गेलं की निदान दाखवायला आकडा असतो.

निरंजनी
हेच हवंय हो. आमच्या बैठकीत 'प्रलंबित किती' एवढंच विचारतात. प्रलंबित शून्य करायचं तर सोपं आहे, न जाता लिहा. जो खरंच जातो त्याचं प्रलंबित जास्त दिसतं आणि बोलणी तोच खातो.

सडेतोड
हे मात्र आमच्या तिकिटांसारखंच झालं. बरं, मागचा टोमणा परत घेत नाही, पण थोडा सौम्य समजा.

नाव_नको
नेहमीच्या नावाने लिहीत नाहीये. नात्यातला एक मुलगा, सोळाव्या वर्षी मोबाईल चोरीत सापडला. मंडळाने देखरेखीवर सोडलं. परिविक्षा अधिकारी सर साधे होते, दर महिन्याला बोलवायचे, आणि नुसती सही घेऊन सोडायचे नाहीत. घरातलं विचारायचे, मित्र कोण आता, ते विचारायचे. आयटीआयचा अर्ज त्यांनीच भरायला लावला. शाळा सोडल्याचा दाखला अडला होता, स्वतः मुख्याध्यापकांकडे जाऊन आणला. तो आज वेल्डर आहे, कमावतो, लग्न झालंय.

पण पुढचंही सांगते. सरांची बदली झाली आणि त्या जागी कुणी आलंच नाही. हा तारखेला जायचा, तिथला क्लार्क म्हणायचा, साहेब नाहीत, पुढच्या महिन्यात ये. नंतर याने जाणं सोडलं, कुणी विचारलंही नाही. त्याच्यासारखाच दुसरा एक मुलगा त्याच काळात देखरेखीला लागला होता, त्याला सर मिळालेच नाहीत. तो आता मोठ्यांच्या तुरुंगात आहे. सर असते तर तो सुधारला असता, असं छातीठोक म्हणणार नाही. पण त्याला कुणी विचारलंच नाही, हे खरं.

मिरची_ठेचा
नाव_नको, वाचलं. माझं म्हणणं तेच आहे, दुकानदाराकडेही कुणीतरी यायला हवं. पण त्या क्लार्कची चीड आली.

सोनचाफा
२०२४ मध्ये महिला व बालविकास आयुक्तालयाने परिविक्षा अधिकाऱ्यांची सरळसेवा भरती काढली होती ना? रिक्त जागांचं त्यातून काही झालं असेल.

काळा_कोट
भरती होते, पण कामही वाढतंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षाच झाली. पहिल्यांदा दोषी ठरलेला, पाच हजारांच्या आतली चोरी, माल परत केला, तर समाजसेवा. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातला, त्यालाही देता येते. चांगली गोष्ट आहे. पण उद्या न्यायालयाने सांगितलं, रुग्णालयात झाडलोट कर, तर तो आला की नाही, हजेरी कोण बघणार? रुग्णालयाचा मुकादम सही देईल, ती खरी की खोटी कोण तपासणार? मला तरी बोट एकाच खुर्चीकडे जाताना दिसतंय.

निरंजनी
आधीच पिटाच्या, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, प्रकरणांत सोडवलेल्या मुलींच्या घरची चौकशी परिविक्षा अधिकाऱ्याकडून करून घेता येते, कलम १७. ती दुसऱ्या राज्यातली असेल तर पत्रव्यवहार वेगळाच. नवीन कायदा आला की शेवटी कुठेतरी 'परिविक्षा अधिकारी' हा शब्द असतोच, मी आता पाठीमागूनच वाचायला लागलेय.

टीपकागद
सगळ्यांचे आभार. पुतणीला धागा पाठवला, तिने सगळा वाचला. तिचे प्रश्न जसेच्या तसे देतो. १) दुचाकी लागतेच का? ती चालवत नाही. २) वस्तीवर एकटीने जावं लागतं का? ३) वकिलीतला अनुभव उपयोगी पडतो का, की सगळं समाजकार्यच?

एक तिने मला खडसावून विचारलंय, 'काका, तुम्ही झेपेल का हे विचारलंत, जमेल का हे कुठे विचारलंत?' तर तेही सांगा.

निरंजनी
पोरीला तोंड आहे, बरं आहे. मंडळात लागतं.

१) दुचाकी शिकून घे. एसटी जिथवर जाते तिथवर ठीक, पुढे वस्ती आत असते. कक्षाला गाडी असली तरी ती त्या दिवशी कुणाच्या ताब्यात असेल याचा भरवसा नाही.

२) नियमाने एकटीने जायला नको, व्यवहारात जावं लागतं. कक्षात क्षेत्र कार्यकर्ते दोन असतात, आख्ख्या जिल्ह्याला. मी गावच्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना आधी फोन करते. त्यांना घरं माहीत असतात, आणि त्यांच्याबरोबर गेलं की बायका दार उघडतात. मात्र कशासाठी आलोय ते त्यांनाही सगळं सांगायचं नाही. पोलिसांना घेऊन चौकशीला कधीच जाऊ नकोस, घर बोलायचं थांबतं.

३) वकिली फार उपयोगी. कंत्राटातल्या आमच्या बऱ्याच जणी कायदा शिकलेल्या असूनही मंडळापुढे गप्प उभ्या राहतात. तू बोल. मुदत कमी पडली तर तोंडी कारणं न देता लेखी अर्ज दे, 'पत्र अमुक तारखेला मिळाले, पालक स्थलांतरित आहेत, भेट शक्य झाली नाही, अमुक तारखेपर्यंत वेळ मिळावा.' अर्धवट अहवाल देण्यापेक्षा हे बरं. काळा_कोट यांच्यासारखे वकील यावर हरकत घेत नाहीत, घेतली तर इथे येऊन सांग.

जमेल का ते मला कसं कळणार? रुजू व्हायच्या आधी एक दिवस कक्षात जाऊन बस आणि आवक नोंदवही मागून बघ. पोलिसांचं पत्र कुठल्या तारखेला निघालं आणि कुठल्या तारखेला पोचलं, हे दोन रकाने शेजारी धरून वाच. त्या जिल्ह्यात पोलिस आणि कक्षाचं कसं जमतं ते त्यावरून कळेल. आणि या पदावर तुझ्याआधी कोण होतं, ते का गेलं ते विचार. साहेबांना नको, डेटा एंट्रीवाल्याला.

शेवटचा_बाक
डेटा एंट्रीवाल्याला विचार, हे कुठल्याही कचेरीला लागू. भाच्यालाही सांगतो.

टीपकागद
नोंदवहीचं तिने लिहून घेतलंय. सोमवारी जातेय म्हणाली. दादाला अजून सांगितलेलं नाही.